सहज आणि अपथ्य

नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित यांच्या पत्नीने १८२५च्या सुमारास आमचा काशीतला संकठा घाट पक्का बांधला. काशीतला मधुमेहाचा विचार त्याहून कितीतरी जुना. काशिराज दिवोदासांचा शिष्य मानला गेलेला सुश्रुत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, दोन प्रकार सांगतो: सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यातून आलेला. निर्धन रोग्याला तो अनवाणी, भिक्षेवर राहून शंभर योजने चालायला लावतो.

२००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांच्या शरीरांची तुलना छापून आली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्या अंगातही मधुमेहाचा धोका वाढवणारी चरबी दडलेली असू शकते.

म्हणून सकाळीच कचोरी-जिलेबी खाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या सडपातळ काकांना मी बजावते: अंगकाठीवर जाऊ नका, साखर तपासा आणि रोज घाटाच्या पायऱ्या चढा.