‘डिझेल अँड डस्ट’मधील ‘आम्ही’

कवितेतील ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न समीक्षा नेहमीच विचारते. रॉक संगीताला तो सहसा विचारला जात नाही. ‘मिडनाइट ऑइल’ या ऑस्ट्रेलियन बँडच्या ‘डिझेल अँड डस्ट’ (१९८७) या अल्बमला मात्र तो विचारावाच लागतो.

१९८६ मध्ये हा गोऱ्या वादकांचा बँड आदिवासी कलावंतांच्या ‘वारुम्पी बँड’सोबत वाळवंटातील दुर्गम आदिवासी वस्त्यांमध्ये फिरला. अल्बमचे बीज त्या प्रवासात आहे. ‘बेड्स आर बर्निंग’ हे त्यातील सर्वाधिक गाजलेले गीत पिंटुपी लोकांविषयी आहे. शासनाने त्यांना पश्चिमेकडील वाळवंटातून हलवून पापुन्यासारख्या वसाहतींत आणले होते; १९८०च्या दशकारंभी त्यांतील अनेक जण किंटोर परिसरात, आपल्या भूमीत, परतले. गीतातील ‘आम्ही’ गोरे आहेत, आणि ते देणेकरी आहेत.

‘द डेड हार्ट’चे तसे नाही. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी उलुरूची मालकी अनंगू लोकांना परत मिळाली. त्या घटनेवरील चित्रपटासाठी हे गीत रचले गेले. येथे ‘आम्ही’ आदिवासी आहेत. कंठ मात्र गोरा आहे. सहानुभूतीला स्वानुभवाची जागा घेता येते काय, हा आक्षेप येथे टाळता येत नाही. पहिले गीत अधिक खरे वाटते ते यामुळेच: त्यात कोणाचा आवाज उसना घेतलेला नाही.

अल्बमचे आकर्षणही येथेच आहे. १९८८ मध्ये गोऱ्या वसाहतीची द्विशताब्दी साजरी होत असताना, त्याच समाजातील श्रोते स्वतःवरील आरोपपत्र ठेक्यावर, एका सुरात गात होते. त्या सामूहिक गायनात कबुली किती आणि निव्वळ उत्सव किती, हे सांगणे कठीण आहे.

पुढील इतिहासही असाच दुहेरी आहे. १९९२च्या माबो निकालाने ही भूमी निर्स्वामिक होती, ही कल्पना फेटाळली. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात बँडने ‘सॉरी’ लिहिलेले कपडे घालून हेच गीत गायले. माफी नाकारणारे पंतप्रधान हॉवर्ड समोर बसले होते. २००८ मध्ये पंतप्रधान रड यांनी संसदेत माफी मागितली, तेव्हा बँडचे गायक पीटर गॅरेट त्यांच्या सरकारात मंत्री होते. आणि २०२३ मध्ये, आदिवासींना राज्यघटनेत मान्यता व सल्लागार मंडळ देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला.

गीत सर्वांना पाठ होते. त्यातील ‘आम्ही’ होण्यास मात्र बहुसंख्य अजून तयार नव्हते.