घराचे काम आणि कागदाची साक्ष

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कोणी भगिनी थोर स्त्रियांची चरित्रे लिहितात, कोणी प्रवासवर्णन देतात. मी यंदा निवडलेला विषय थोडा रूक्ष वाटेल. घराची डागडुजी कंत्राटदाराकडे सोपवण्याची रीत आपल्याकडे कसकशी बदलत गेली, हे मला सांगावयाचे आहे. वर्षानुवर्षे साठवलेली पुंजी ज्या कामात महिन्याभरात संपते, ते काम आपण न समजता होऊ द्यावे हे मला पटत नाही. काम चालू असता दिवसभर घरी आपणच असतो. विटा मोजून घेणे, नव्या गिलाव्यावर पाणी मारणे, गवंड्यांना चहा देणे हे सारे आपल्याकडे; पण कामाच्या कागदावर सही क्वचितच आपली असते. पुष्कळदा तर कागदच नसतो.

प्रथम खेड्यातली जुनी पद्धत पाहू. सुतार हा गावचा बलुतेदार. नांगर-कुळवांची दुरुस्ती त्याने वर्षभर करावी आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा न्यावा, असा व्यवहार होता. परंतु नवे घर उभारावयाचे असले, तर त्याचे निराळे द्यावे लागे. बलुत्यात काय बसते आणि जादा काय, हा प्रश्न तेव्हाही होताच! तो सुटत असे, कारण वापरात आलेली रीत सर्वांना ठाऊक होती. वाईट काम करून सुतार जाणार कुठे? त्याच गावात त्याला नांदावयाचे असे. कागद नव्हता, परंतु गाव साक्षीला होता.

शहरात ही साक्ष विरळ झाली, आणि तिची जागा वहीने घेतली. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. खर्चाचा आकडा १६,११० रुपये असा सांगतात. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, पण आकडा मागे राहिला. पेशवाईत रोजच्या जमाखर्चाच्या रोजकीर्दी लिहिल्या जात, आणि आजही पेशवे दप्तरात त्या पाहावयास मिळतात. राज्यकर्त्यांना जे आवश्यक वाटले, ते दोन खोल्यांच्या घराला अनावश्यक कसे ठरेल?

त्या काळच्या बांधकामात चुना मुख्य. भाजलेला चुना आणि वाळू दगडी घाणीत घालून बैलांकडून मळून घेत. चुना नीट मळला गेला की नाही हे भिंत उभी राहिल्यावर दिसत नसे. म्हणून घाणीपाशी घरचे माणूस उभे असे. कारागिरांचा प्रमुख तो मेस्त्री. हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि मूळ अर्थ 'उस्ताद' असा आहे. काम देण्याच्या रीती दोन. एक रोजाने, म्हणजे जितके दिवस तितकी मजुरी. दुसरी उक्ते, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम. रोजाने दिलेले काम लांबते आणि उक्ते दिलेले काम उरकले जाते, हा अनुभव त्या काळाइतकाच जुना असावा.

तिसरी रीत इंग्रजी अमदानीत रुळली. १८५४ मध्ये डलहौसीच्या कारकीर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते निघाले, आणि त्याच वर्षी त्या खात्याला हाताखालची माणसे मिळावीत म्हणून पुण्यात जो वर्ग सुरू झाला, त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. खात्याची पद्धत मोजमापाची. प्रत्येक बाबीचा दर दरसूचीत आधी ठरलेला. झालेले काम फूटपट्टीने मोजून मोजमाप पुस्तकात लिहावयाचे, त्यावर बिल काढावयाचे, आणि काही रक्कम अनामत म्हणून मागे ठेवावयाची. गिलावा दोन महिन्यांनी सुटला, तर ती अनामत कामी येते. या पद्धतीत कोणावर अविश्वास दाखवावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण मला वाटतो. पट्टी दोघांनाही सारखीच.

पुढे १८७२ मध्ये कराराचा कायदा झाला. करार करण्यास माणूस सज्ञान आणि शुद्धीवर असावे, एवढीच मुख्य अट त्यात घातली आहे. स्त्रीला मज्जाव नाही. विलायतेत विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे करार करण्याचा हक्क १८८२ पर्यंत वाट पाहून मिळाला. आपल्याकडे कायद्याने दार उघडे ठेवले होते. त्यातून आत जाणाऱ्या आपणच थोड्या निघालो. तोंडी करारही कायद्याला मान्य आहे, परंतु तो सिद्ध कसा करणार, हीच खरी अडचण.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली मातीची घरे व वाडे हजारोंनी पडले. एवढी घरे एकदम उभारावयाची, आणि सिमेंटवर तर सरकारी नियंत्रण! हे नियंत्रण १९८२ मध्ये सैल झाले आणि १९८९ मध्ये पुरते उठले. तोवर पोते मिळवणे हीच मुख्य काळजी असे. आज पोते हवे तेव्हा मिळते. मात्र त्यातले भिंतीत किती गेले, हे पाहण्याचे काम तसेच राहिले आहे.

ग्राहकाच्या हाती खरे साधन आले ते १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. १९९३ मध्ये घरबांधणीचा 'सेवे'त स्पष्ट समावेश झाला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा, म्हणजे 'रेरा'चा, आधार पुष्कळ भगिनी धरून असतात. तो सदनिका विकणाऱ्यांसाठी आहे. आपल्या घराची नुसती दुरुस्ती त्याच्या नोंदणीत येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध भगिनीने गच्चीची गळती थांबवण्यासाठी ठरलेल्या रकमेपैकी तीन हिस्से आधीच दिले. कोबा अर्धवट टाकून कंत्राटदार गेला तो आलाच नाही. किती काम ठरले, किती दिले, कशाचा काही कागद नाही. पावसाळाभर त्या घरात बादल्या मांडून होत्या. कायदा त्यांच्या बाजूचा होता, पण पुरावा कशाचा दाखवावयाचा?

तेव्हा इतिहासाचे सार मी चार ओळींत मांडते. काम रोजाने, उक्ते की मोजून, आणि माल कोणाचा, हे आधी लिहून घ्यावे. जादा काम निघाले तर दर ठरवून, लिहून, मगच सुरू करू द्यावे. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे, पावती घेऊन द्यावेत, आणि थोडा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखावा. गच्ची असेल तर दोन-तीन दिवस पाणी कोंडून पाहावे. सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारले जाते ना, हे पाहावे. आपण असे नेमके वागलो, तर प्रामाणिक कारागिरालाही ते हवेच असते. त्याचे पैसेही त्याच कागदावर सुरक्षित राहतात. आणि डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकांची मजुरी कंत्राटदार वेळेवर देतो की नाही, हेही विचारावे. तेही आपलेच काम होय.

माझी एक सूचना आहे. मंडळाने एक वही ठेवावी. ज्या भगिनीकडे काम झाले तिने कारागिराचे नाव, कामाचे माप, दिलेला दर आणि पुढच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव खरा खरा लिहावा. पूर्वी गाव साक्षीला असे; ती साक्ष आता मंडळाने द्यावी. पहिले पान लिहावयास मी तयार आहे.