हार्ड डिस्कच्या वॉरंटीचा मागोवा

हार्ड डिस्क घ्यायला गेलं की दोन प्रश्न हमखास निघतात. सीगेट घ्यावी की डब्ल्यूडी? आणि वॉरंटी किती वर्षांची? या प्रश्नांच्या मागे गेलं तर कळतं की कंपनीचं नाव आणि वॉरंटीची वर्षं, या दोन्हींवर आपण नको तितका भरवसा टाकतो.

1956 साली आयबीएमची रॅमॅक आली तेव्हा हे प्रश्नच नव्हते. 24 इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि जेमतेम पन्नास लाख अक्षरं मावतील एवढी जागा! हे धूड भाड्यानं मिळायचं आणि बिघडलं की आयबीएमचा इंजिनिअर यायचा. यंत्र ज्याचं, दुरुस्ती त्याचीच. हे नातं पुढे तुटत गेलं. 1980 मध्ये सीगेटनं सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची एसटी-506 बाजारात आणली. मग डिस्क ही विकत घेऊन पेटीत बसवायची वस्तू झाली. जोखीम गिऱ्हाइकाकडे आली आणि कंपनीकडे उरला वॉरंटीचा कागद.

पुढे कंपन्यांची घराणी एकमेकांत मिसळली. वेस्टर्न डिजिटल, म्हणजे डब्ल्यूडी, मुळात चिप आणि कंट्रोलर बनवणारी. 1988 मध्ये तिनं भारतात जन्मलेल्या जुगी तंडन यांच्या कंपनीचा डिस्कचा धंदा विकत घेतला आणि ती डिस्कवाली झाली. कॉनर 1996 मध्ये सीगेटमध्ये गेली. क्वांटमचा हार्ड डिस्कचा धंदा मॅक्सटरकडे आणि मॅक्सटर 2006 मध्ये सीगेटकडे. फुजित्सूचा तोशिबाकडे, सॅमसंगचा सीगेटकडे. आज हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच कंपन्या उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट डेस्कस्टारची. आयबीएमनं 2000 साली डेस्कस्टार 75जीएक्सपी आणली. जिनं हार्ड डिस्क जन्माला घातली त्या कंपनीचा माल, त्यामुळे लोकांनी डोळे झाकून घेतला. डिस्क इतक्या उडाल्या की ‘डेथस्टार’ हे नाव पडलं आणि 2001 मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. हा धंदा आयबीएमनं हिताचीला विकला. नाव मात्र डेस्कस्टारच राहिलं.

वॉरंटीचे आकडेही याच काळात हेलकावे खाऊ लागले. ऑक्टोबर 2002 मध्ये सीगेट, मॅक्सटर आणि वेस्टर्न डिजिटल यांनी डेस्कटॉपच्या बहुतेक डिस्कची वॉरंटी तीन वर्षांवरून एकावर आणली. 2004 मध्ये सीगेटनं ती थेट पाच वर्षं केली, 2009 च्या सुरुवातीला बऱ्याच डिस्कसाठी पुन्हा तीन. 2011 मध्ये थायलंडच्या महापुरात कारखाने बुडाले, मालाची टंचाई झाली आणि त्याच वर्षअखेरीला सीगेट व वेस्टर्न डिजिटल दोघींनी अनेक डिस्कची वॉरंटी आखडली. 2002 च्या त्या एका महिन्यात तिन्ही कंपन्यांच्या डिस्क एकदम नाजूक झाल्या असं कुणी म्हणणार नाही. वॉरंटीची वर्षं बाजाराच्या हिशेबानं ठरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग टिकाऊपणा कळायचा कसा? कंपन्या बिघाडापर्यंतच्या सरासरी दहा लाख तासांचे आकडे छापत होत्या, म्हणजे सुमारे 114 वर्षं. 2007 मध्ये बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी लाखभर डिस्कच्या नोंदी तपासल्या. कागदावर वर्षाला एक टक्क्याहून कमी बिघाड, प्रत्यक्षात दोन ते चार टक्के डिस्क सर्रास बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तर तेरा. गूगलच्या संशोधकांनीही त्याच वर्षी आपला अभ्यास मांडला. निम्म्याहून जास्त बिघडलेल्या डिस्कनी डिस्क स्वतःच करते त्या ‘स्मार्ट’ तपासणीच्या चार ठळक निकषांवर आधी काहीच इशारा दिलेला नव्हता. कंपन्यांची नावं मात्र गूगलनं झाकून ठेवली.

अशी नावं 2014 मध्ये बॅकब्लेझ या साठवणूक कंपनीनं आपल्याकडच्या डिस्कबद्दल उघड केली. सीगेटची तीन टेराबाइटची एक डिस्क भराभर मरत होती, तर त्याच सीगेटची चार टेराबाइटची पुष्कळच बरी चालली होती. आणि सर्वांत टिकाऊ कुणाच्या? हिताचीच्या. त्यात डेस्कस्टार होत्या! ज्या नावानं लोक पोळले होते, तेच चौदा वर्षांनी यादीत वर आलं. निवड करायची ती मॉडेल पाहून. कंपनीच्या नावावर शपथा घेणाऱ्यांनी ही यादी एकदा नीट वाचावी.

वॉरंटीत बदलून मिळणारी डिस्क बऱ्याचदा दुरुस्त केलेली, जुनीच असते आणि तिला वॉरंटी उरते ती मूळ डिस्कची शिल्लक. आतले फोटो, हिशेब, पोरांचे प्रकल्प यांची जबाबदारी कुणीच घेत नाही. शिवाय 2025 च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं. त्यांच्या वापराच्या तासांच्या नोंदी पुसून शून्यावर आणल्या होत्या.

म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, महत्त्वाचं काही भरण्याआधी पूर्ण डिस्क एकदा तपासून घ्या. आणि दुसरी प्रत ठेवाल ती वेगळ्या मॉडेलच्या डिस्कवर ठेवा.