हॅन्डहेल्ड कन्सोल घेताय? आधी सेलचा इतिहास ऐका

शिरोड्यातून बोलतोय. गोव्यातलं शिरोडा नव्हे, वेंगुर्ले तालुक्यातलं. मिठागरांचं, १९३० च्या मीठ सत्याग्रहाचं. हे मीठ लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आजचा विषय हॅन्डहेल्ड कन्सोल. साठ-सत्तर हजारांची वस्तू घेण्याआधी तिच्यातली खोट शोधायची, तर रिव्ह्यूपेक्षा इतिहास जास्त कामाचा. रिव्ह्यू पहिल्या आठवड्यात येतो, खोट तिसऱ्या वर्षी कळते.

निन्टेंडोचे गुनपेई योकोई यांनी म्हणे ट्रेनमध्ये एका माणसाला कॅल्क्युलेटरशी चाळा करताना पाहिलं आणि त्यातून १९८० चा ‘गेम अँड वॉच’ सुचला. योकोईंचा हट्ट एकच: महागडं नवं तंत्र नको, जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र वेगळ्या कामाला लावा. १९८९ चा गेम बॉय तसाच होता. हिरवट स्क्रीन, रंग नाही, बॅकलाइट नाही. पण चार पेन्सिल सेलवर पंधराएक तास चालायचा. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला. रंगीत, उजळ, एकदम झकास! आणि सहा सेल तीन ते पाच तासांत फस्त.

स्पेसिफिकेशन बघून आपण सगळ्यांनी गेम गिअरच उचलला असता. प्रत्यक्षात गेम बॉय आणि त्याचं रंगीत भावंड मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर खपले, गेम गिअर एक कोटीच्या आसपास. टेट्रिसचा वाटा मोठा होता, मान्य. पण सेलचा खर्च कुठल्या घराला परवडणार?

आपल्याकडे जत्रेच्या स्टॉलवर मिळायचा तो ब्रिक गेम. वर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं, आत तेच ठोकळे वेग बदलून. फसवणूकच ती, पण सेल बदलले की पुन्हा चालू.

आता आजचा हिशोब. आसुसचा रॉग अ‍ॅलाय जुलै २०२३ मध्ये भारतात आला, ६९,९९० रुपयांना. बॅटरी ४० वॅट-तासांची. टर्बो मोडमध्ये चिपच २५ वॅट खाते. स्क्रीन, पंखा वेगळे. भागाकार करा, जड गेमवर तास-सव्वा तास. म्हणजे ३३ वर्षांनी आपण गेम गिअरच्याही मागे! हलक्या गेमवर बराच जास्त वेळ मिळतो, पण हलके गेम तर खिशातल्या फोनवरही चालतात की.

दुसरी खोट: विकत घेतलेला गेम नक्की कोणाचा? सोनीचा पीएसपी यूएमडी डिस्कवर चालायचा. २००९ च्या पीएसपी गोमध्ये डिस्कची जागाच नव्हती. जुन्या डिस्क बसा शोकेसमध्ये. निन्टेंडो थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली. शटर कधी पडणार हे बॉक्सवर छापलेलं नसतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: दुरुस्ती. २०१७ च्या स्विचची कांडी आत घासली जाऊन आपोआप सरकू लागते, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. २०२३ मध्ये निन्टेंडोने युरोपात वॉरंटी संपल्यावरही ती फुकट दुरुस्त करायचं कबूल केलं. आपल्याकडे स्विच कंपनी अधिकृतपणे विकतच नाही, येतो तो आयात केलेला. मग भांडायचं कोणाशी? स्टीम डेकचीही तीच गत.

आता मीठ. गेम बॉयला पंखा नव्हता. आजच्या ताकदवान हॅन्डहेल्डला असतो आणि तो बाहेरची हवा आत ओढतो. किनाऱ्यावरच्या हवेत खारट अंश आणि दमटपणा दोन्ही. मीठ ओल धरून ठेवतं, ओल्या मिठातून वीज वाहते, संपर्काच्या जागा गंजतात. आमच्याकडे खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे नाजूक कनेक्टरचं काय! आणि गंज सहसा वॉरंटीत बसत नाही.

तरीही घ्यायचाच असेल, तर आधी विचारा: सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे, बॅटरी बदलून मिळते का, कांडी सुटी मिळते का? दुकानदार गप्प बसला तर पैसे खिशातच ठेवा. आणि समुद्राकाठी राहत असाल, तर खेळून झालं की थंड होऊ द्या, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात पापड ठेवतो तसा.