भाव उघडा होता तेव्हा: सर्च जाहिरातीतल्या टेहळणीचा इतिहास

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, अमुक कंपनी गुगलवर कोणत्या कीवर्डवर किती पैसे लावते हे सांगणारी टूल्स आहेत ना? मग तो डेटा थीसिसमध्ये टाकायला काय हरकत आहे?"

हरकत काही नाही, पण आधी त्या आकड्याची कुंडली मांडावी लागते. मी ती मांडली नव्हती. पहिल्या वर्षी एका चॅप्टरच्या ड्राफ्टमध्ये मी असाच एक सुबक तक्ता टाकला: कंपनी, कीवर्ड, महिन्याचा खर्च. गाइडनी मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं, "हे कोणी मोजलं?" उत्तर शोधता शोधता मी थेट १९९८ सालात जाऊन पोहोचले. आजची पोस्ट त्याच प्रवासाची.

१९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांनी गोटू डॉट कॉम हे सर्च इंजिन सुरू केलं. पद्धत साधी होती: जो जाहिरातदार एका क्लिकला जास्त पैसे देईल, त्याची लिंक वर. आणि गंमत म्हणजे प्रत्येक लिंकशेजारी तो किती देतोय हे छापलेलं असायचं, अगदी सेंटमध्ये. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा भाव कळायला हेरगिरी कशाला? पान उघडा आणि वाचा. भाजी मंडईत शेजारच्या गाळ्यावरची पाटी दिसते, तसंच.

२००१ मध्ये गोटूचं नाव ओव्हर्चर झालं. इथे 'पहिल्या किमतीचा' लिलाव होता, म्हणजे जेवढी बोली लावाल तेवढेच पैसे द्यायचे. आता समजा, तिसऱ्या क्रमांकावरची बोली २० सेंटची आहे. वरचे दोघे पहिल्या जागेसाठी भांडतायत: २१, २२, २३... एकेक सेंट चढत जातात. एका टप्प्यावर दुसऱ्याला वाटतं, एवढे मोजण्यापेक्षा २१ सेंटमध्ये दुसरी जागा परवडली. तो खाली येतो. पहिल्याला हे लगेच दिसतं, मग तो तरी जास्त का देईल? तोही २२ वर उतरतो. आणि पुन्हा चढाई सुरू! हे काम माणसांऐवजी सॉफ्टवेअर करायला लागलं तेव्हा तर ही चढउतार दिवसभर चालायची.

बेंजामिन एडेलमन आणि मायकेल ऑस्ट्रोव्स्की यांनी ओव्हर्चरच्या २००२-०३ मधल्या बोलींच्या नोंदी अभ्यासून २००७ मध्ये पेपर प्रसिद्ध केला. त्यातला बोलींचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. त्यांच्याकडे बोलींची प्रत्यक्ष नोंद होती, हा मुद्दा इथेच अधोरेखित करून ठेवा.

आता गुगलकडे येऊ. ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स सुरू झालं तेव्हा जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे आकारले जात. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी क्लिकचा लिलाव आणला, पण दोन मोठे बदल करून. एक, जागा फक्त बोलीवर ठरेना. लोक त्या जाहिरातीवर किती वेळा क्लिक करतात, हेही त्यात धरलं जाऊ लागलं. दोन, विजेत्याला स्वतःची पूर्ण बोली भरावी लागत नव्हती. खालच्याच्या वर राहायला लागेल तेवढीच रक्कम द्यायची. आणि आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचं, इतरांची बोली पानावर दिसत नव्हती.

पाटी पुसली गेली तरी शेजाऱ्याचा भाव जाणून घ्यायची हौस थोडीच जाते? मग अंदाज बांधणारी टूल्स आली. त्यांचं काम साधारण असं चालतं: हजारो कीवर्ड पुन्हा पुन्हा सर्च करायचे, कोणाच्या जाहिराती दिसल्या ते टिपायचं, मग अंदाजे सर्च गुणिले अंदाजे क्लिक गुणिले अंदाजे भाव, असा हिशोब करून 'खर्च' काढायचा. या हिशोबात जाहिरात दिसली एवढंच निरीक्षण आहे, बाकी सगळा अंदाज. माझ्या तक्त्यातला 'खर्च' हा असा होता.

बरं, जाहिरात दिसली म्हणजे त्या कंपनीने तो कीवर्ड विकत घेतला होता, हे तरी नक्की का? तेही नाही. इथे १-८०० कॉन्टॅक्ट्स या अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट लेन्स विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. आपलं नाव सर्च केल्यावर दुसऱ्यांच्या जाहिराती येतात, म्हणून ती स्पर्धकांना व्यापारचिन्हाच्या दाव्यांत खेचत होती. पण 'ब्रॉड मॅच' असेल तर नुसता 'कॉन्टॅक्ट लेन्स' हा कीवर्ड घेणाऱ्याची जाहिरातही तिच्या नावाच्या सर्चवर झळकू शकते. म्हणूनच तिने स्पर्धकांशी केलेल्या करारांत 'एकमेकांच्या नावावर बोली लावायची नाही' एवढ्यावर भागलं नाही. ती नावं 'निगेटिव्ह कीवर्ड' म्हणून टाकायची अटही आली. असे एकूण १४ करार झाले. २०१६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ते स्पर्धाविरोधी असल्याची तक्रार दाखल केली आणि २०१८ मध्ये तसा निर्णयही दिला. २०२१ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला. निकाल काहीही असो, संशोधकाला यातून एक गोष्ट मिळाली: कोणत्याही टूलमध्ये कधीच न दिसणारे करार कोर्टाच्या कागदांत आले.

आपल्याकडेही हा वाद झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गुगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स (अगरवाल पॅकर्सचं प्रकरण) यात म्हटलं की दुसऱ्याचं व्यापारचिन्ह कीवर्ड म्हणून वापरणं हा 'वापर' आहे, पण ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर तेवढ्यावरून उल्लंघन ठरत नाही. या विषयावर भारतीय संदर्भात काम करायचं असेल तर सुरुवात असे निकाल वाचून करा.

आज गुगल स्वतःही काही खिडक्या उघडतं. 'ऑक्शन इनसाइट्स' रिपोर्टमध्ये स्पर्धक दिसतात, पण ज्या लिलावात तुम्ही स्वतः उतरलात तेवढेच, आणि त्यांची बोली दिसत नाही. २०२३ च्या 'ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर'मध्ये कोणाचीही जाहिरात शोधता येते, पण ती कोणत्या कीवर्डवर आली ते कळत नाही. म्हणजे प्रत्येक खिडकीतून थोडंसंच दिसतं, आणि किती दिसावं हे खिडकी बांधणारा ठरवतो.

म्हणून ज्युनिअरला मी सांगितलं ते इथेही लिहिते. प्रत्येक आकड्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: नोंद, निरीक्षण किंवा अंदाज. ओव्हर्चरच्या बोली ही नोंद. स्क्रीनवर दिसलेली जाहिरात हे निरीक्षण, त्यात तारीख आणि ठिकाण हवंच. टूलने सांगितलेला खर्च हा अंदाज. अंदाज वापरायला बंदी नाही, पण त्याला नोंदीच्या रांगेत बसवू नका.

माझा तक्ता शेवटी चॅप्टरमध्ये राहिला. फक्त शेवटच्या रकान्याचं नाव 'खर्च' ऐवजी 'टूलचा अंदाज' झालं, आणि त्या आकड्यांवर उभे केलेले दोन निष्कर्ष मला खोडावे लागले. व्हायव्हात कोणी ते खोडण्यापेक्षा आपणच खोडलेले बरे!