तांब्याची तार किती धावणार?



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, टेलिफोनची तार घरात आधीपासून आहेच. तीच सुधारून वापरली तर काय बिघडलं? घरोघरी फायबर नेण्याचा खर्च कशाला?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मी काही इंजिनिअर नव्हे. पण प्रश्न चांगला आहे. एका अख्ख्या देशानं तो खरोखर करून पाहिला आणि त्याची किंमतही मोजली. तो देश ऑस्ट्रेलिया. तिकडे जाण्याआधी तारेची गोष्ट थोडक्यात सांगतो.

टेलिफोनची तार म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारा. ती माणसाच्या आवाजासाठी घातलेली. साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच पट्टा तिच्याकडून अपेक्षित होता. त्या पट्ट्यात मोडेम 56 केबीपीएसपर्यंत पोचला आणि थांबला. लोकांना वाटलं, तार दमली. खरं तर ती चौकट एक्स्चेंजनं आवाजासाठी आखलेली होती. तारेत अजून बरीच जागा शिल्लक होती. अमेरिकेत बेलकोर या संस्थेतल्या जोसेफ लेकलायडर यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं, की घराकडे येणारा वेग जास्त आणि घरातून जाणारा कमी ठेवला, तर याच तारेतून पुष्कळ काही नेता येईल. स्टॅनफर्डचे जॉन सिओफी यांनी उरलेला पट्टा शेकडो छोट्या वाटांमध्ये वाटला आणि प्रत्येक वाटेवर तिला झेपेल तेवढंच ओझं टाकलं.

यातून एडीएसएल आलं. 1999 च्या मानकात 8 एमबीपीएस, 2003 च्या एडीएसएल-टू-प्लसमध्ये 24. मग व्हीडीएसएल-टू. मग 2010 मध्ये व्हेक्टरिंग, म्हणजे एकाच जुडग्यातल्या शेजारच्या तारांचा गोंगाट गणितानं पुसून टाकण्याची युक्ती. आणि 2014 मध्ये जी-फास्ट, कागदावर 1 जीबीपीएस. 56 केबीपीएसपासून मोजलं तर सुमारे 18,000 पट वाढ! तीही त्याच तांब्यात. याला कमी लेखू नका.

पण आता यातली मेख बघा. एडीएसएल-टू-प्लसचा पूर्ण वेग एक्स्चेंजपासून किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच मिळतो; चार-पाच किलोमीटरवर नुसती धार उरते. व्हेक्टरिंगचे 100 एमबीपीएस साधारण अर्ध्या किलोमीटरपर्यंत. जी-फास्ट 100 मीटरच्या आसपास. कारण कंपनं जितकी जलद, तितकी ती तांब्यात लवकर विरतात. म्हणजे प्रत्येक सुधारणेत वेग वाढला आणि तार आखूड झाली. मग उरलेलं अंतर कोणी भरून काढलं? फायबरनं!

ग्रीकांची थीसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. एकेक फळी बदलत गेली. शेवटी सगळं जहाज नवं झालं, तरी नाव जुनंच. तांब्याचं तसंच झालं. आपण म्हणतो तांबं धावतंय, पण पाच किलोमीटरपैकी पावणेपाच किलोमीटर काचच धावत असते.

आता ऑस्ट्रेलिया. एप्रिल 2009 मध्ये केव्हिन रड सरकारनं जाहीर केलं, की 90 टक्के घरांपर्यंत थेट फायबर नेऊ, 100 एमबीपीएस देऊ. खर्च 43 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. काम रेंगाळलं. 2013 मध्ये सत्ता बदलली. टोनी अ‍ॅबट पंतप्रधान झाले, माल्कम टर्नबुल दळणवळण मंत्री. त्यांचं म्हणणं असं: फायबर गल्लीतल्या पेटीपर्यंत नेऊ, तिथून पुढे जुनं तांबं, जिथे केबल टीव्हीचं जाळं आहे तिथे तेच वापरू. खर्च 29.5 अब्ज, आणि 2016 अखेर सगळ्यांना किमान 25 एमबीपीएस.

हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. ज्याला आज काहीच मिळत नाही, त्याला दहा वर्षं थांबा म्हणणं हाही अन्यायच. पण मुदत हुकली आणि खर्च 50 अब्जांच्या पुढे गेला. पेटीजवळच्या घराला एक वेग आणि गल्लीच्या टोकाच्या घराला दुसरा, पैसे मात्र तेवढेच. विकत घेतलेल्या दोन केबल जाळ्यांपैकी एक वापरण्याजोगं नाही, असं 2016 मध्ये ठरलं. आणि सप्टेंबर 2020 मध्ये त्याच पक्षांच्या सरकारनं 4.5 अब्जांची नवी योजना आणली. तिच्यातला मोठा भाग कशासाठी? तांब्याच्या गल्ल्यांमध्ये फायबर टाकण्यासाठी!

केबलची स्थिती तांब्यापेक्षा बरी, कारण तिची तार जाड आणि वेष्टनानं झाकलेली. 2013 च्या डॉक्सिस 3.1 मानकानं ती 10 जीबीपीएसपर्यंत जाऊ शकते. पण तो वेग साऱ्या वस्तीत वाटला जातो, आणि तिथेही फायबर हळूहळू घराजवळ सरकतंच आहे. काचेचं गणित वेगळं. 1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी शुद्ध काचेतून प्रकाश दूरवर नेता येईल असं मांडलं. काओंना 2009 मध्ये नोबेल मिळालं. काच एकदा पुरली की वेग वाढवायला दोन टोकांची यंत्रं बदलायची. रस्ता पुन्हा खणायचा नाही.

तर त्या गृहस्थांना माझं उत्तर असं. तार जरूर सुधारा, पण तिला मुक्काम समजू नका. ती वाटेतली धर्मशाळा आहे. आपल्याकडे 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. तेव्हा ते पुरेसं वाटत होतं. आज त्यावर नातवाचा चेहराही धड दिसणार नाही. 'पुरेसं' हा शब्द आजचा असतो, आणि जमिनीत पुरलेली तार पन्नास वर्षांची. आजच्या शब्दानं उद्याचा निर्णय घेतला, की तोच खड्डा दोनदा खणावा लागतो. आणि तोवर थांबावं लागतं ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्यालाच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.