चर्मकला, हौशी

हौशी चर्मकामात पैसा हत्यारांआधी कातड्यावर घालावा, असे सोलापूर परिसरातील परंपरेवरून दिसते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे आहेत. सोलापूर त्यांपैकी एक. ही चप्पल बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची. ते रापीने कापतात, आरीने टोचतात आणि चामड्याच्याच वादीने शिवतात. खिळा लागत नाही. इतक्या मोजक्या साधनांवर काम निभते, कारण वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे ओलसर असताना ठसा धरते आणि घासल्यावर त्याची कड गुळगुळीत होते. क्रोमने कमावलेले कातडे मऊ असते, पाण्याला अधिक टिकते, मग नवशिक्याने तेच का घेऊ नये, हा आक्षेप पिशवीपुरता रास्त आहे. पट्ट्याला मात्र ताठपणा हवा. त्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडी घ्यावी, पाकिटाला दीड पुरे. पाण्याची भीती तेल लावून बरीच कमी होते. शिवणयंत्राची घाई नको: मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून घातलेल्या टाक्यांपैकी एक तुटला तरी शेजारचे लगेच उसवत नाहीत. खर्च करायचाच तर चांगल्या रापीवर करावा, आणि धार लावायला शिकावे. बोथट पाते जोर मागते व घसरते.